कागद, पूर आणि संगणक

आमच्या घरी एक वाक्य वरचेवर कानावर पडे. एखादे जुने पत्र हवे असावे, एखादा दाखला शोधावा, कपाटे उपसावीत आणि शेवटी वडिलांनी हात झटकून म्हणावे, "ते पुरात गेले." मी तेव्हा फार लहान होतो. पूर हे कोठल्या तरी दूरच्या गावाचे नाव असावे आणि आमच्या घरातल्या साऱ्या चांगल्या वस्तू तेथे राहावयास गेल्या असाव्यात, अशी माझी समजूत होती.

हा पूर म्हणजे पानशेतचा पूर. पुण्याच्या नैर्ऋत्येस, डोंगरांत, आंबी नदीवर पानशेतचे धरण बांधले जात होते. त्याच्या खालच्या अंगास, पुण्याच्या अधिक जवळ, खडकवासल्याचे जुने धरण होते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचा बांध फुटला. एवढा लोंढा खडकवासल्यास पेलवला नाही. तेही त्याच दिवशी फुटले, आणि मुठा नदी काठ सोडून शहरात शिरली. नारायण पेठ, शनिवार पेठ यांचा नदीकडचा भाग आणि पलीकडे डेक्कन जिमखाना, सारे पाण्याखाली गेले. पुष्कळांचे प्राण गेले, हजारो कुटुंबे उघड्यावर आली.

आम्ही तेव्हा नारायण पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर राहत होतो. वडील शाळेत शिक्षक होते. पाणी येत आहे अशी ओरड झाली, तेव्हा त्यांनी मला काखेत मारले, आईने धाकट्या बहिणीस घेतले आणि सर्व जण अंगावरच्या कपड्यांनिशी उंचावरच्या एका ओळखीच्या घरी गेले. पाणी ओसरल्यावर वडील परत आले तो खोलीत गुडघाभर चिखल. खाटेखाली एक लाकडी पेटी असे. तीत आजोबांच्या हातची रोजकीर्द होती, शाळेचे दाखले होते, जमिनीचे कागद होते आणि माझ्या आजीचे छायाचित्र होते. आजीचे तेवढे एकच छायाचित्र काढले गेले होते. पेटी सापडली, परंतु कागदांचा लगदा झाला होता, शाई धुऊन गेली होती, आणि छायाचित्राच्या जागी एक पांढरा, पोपडे आलेला पुठ्ठा उरला होता.

आता पुढची गोष्ट ऐका. १९७९ साली आम्ही एका मुंजीकरिता वाईस आत्याकडे गेलो होतो. देवघराशेजारच्या भिंतीवर एक लहानशी चौकट टांगलेली होती. वडील तिच्यासमोर उभे राहिले, ते बराच वेळ हललेच नाहीत. ते आजीचेच छायाचित्र होते. ते काढले त्या दिवशी छायाचित्रकाराने दोन प्रती केल्या होत्या आणि एक टपालाने लेकीच्या सासरी धाडली होती. दुसऱ्या प्रतीस तेव्हा काही आणे अधिक पडले असतील. तेवढ्या आण्यांमुळे आजीचा चेहरा मी पाहू शकलो.

मुलांनो, आज आपल्या खाटांखाली अशा पेट्या नसतात. दाखले, पत्रे, छायाचित्रे, हिशेब, हे सारे संगणकात किंवा खिशातल्या मोबाइलमध्ये असते. घरात संगणक आला म्हणजे पेटीची काळजी मिटली असे मोठमोठ्यांना वाटते. मलाही वाटले होते. पुराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाने तरी शहाणे असावे की नाही? मी नव्हतो.

माझी आई उतारवयात जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवीत असे. घरात जाते राहिले नव्हते, पण ओव्या तिला पुष्कळ येत. २००६ साली मी तिच्यासमोर एक ध्वनिमुद्रक ठेवून दुपारच्या वेळी तिच्या ओव्या मुद्रित केल्या आणि संगणकात उतरवून ठेवल्या. खबरदारी म्हणून त्यांची एक प्रतही केली आणि ती त्याच संगणकात निराळ्या फोल्डरमध्ये ठेवली. त्यावर "जपून ठेवणे" असे नाव दिले. पुढे आई गेली. २०११ साली एके दिवशी संगणकातून टक्‌टक् असा आवाज येऊ लागला आणि त्यानंतर तो सुरूच झाला नाही. दुरुस्ती करणाऱ्याने तो उघडला, आतला भाग हातात घेऊन मान हलवली आणि विचारले, "गुरुजी, याची प्रत कोठे आहे?" मी म्हणालो, "यातच."

तो भला माणूस हसला नाही. छायाचित्रे नातेवाइकांकडून बरीचशी परत मिळाली. ओव्या मिळाल्या नाहीत.

असे का झाले ते समजून घेतले पाहिजे. माझ्या संगणकात हार्ड डिस्क नावाची जी वस्तू होती, तिच्यात गुळगुळीत गोल तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. त्यांच्यावर चुंबकीय द्रव्याचा पातळ थर असतो आणि त्या थरावर आपली अक्षरे, चित्रे, आवाज हे सर्व खुणांच्या रूपाने नोंदलेले असते. या खुणा वाचणारे टोक तबकडीपासून इतक्या थोड्या अंतरावर तरंगते की, ते अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. एखादा धक्का बसला किंवा यंत्र झिजले, तर ते टोक तबकडीस घासते, आणि मग मूळ फाइल एका फोल्डरात होती व प्रत दुसऱ्या, याला काहीच अर्थ राहत नाही. कारण दोन्ही फोल्डर एकाच तबकडीवर असतात. पेटीच्या दोन कप्प्यांत दोन कागद ठेवले आणि पेटीच वाहून गेली, तसे. नव्या संगणकांत फिरणाऱ्या तबकडीऐवजी नुसत्या चिप असतात. त्यांना हादऱ्याचे भय कमी. पण त्याही बिघडतात, आणि बिघडताना टक्‌टक् असा आवाज करून सूचनाही देत नाहीत.

म्हणून जाणत्यांनी एक साधा नियम सांगितला आहे. जी गोष्ट गेल्यास पुन्हा मिळणार नाही, तिच्या तीन प्रती असाव्यात. त्या निदान दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. संगणकातील ती पहिली प्रत. बाहेरून जोडता येणाऱ्या हार्ड डिस्कवर काढली ती दुसरी. तिसरी परगावच्या नातेवाइकांकडे असावी, नाही तर ज्याला क्लाउड म्हणतात तेथे असावी. क्लाउड या शब्दाने तुम्ही गोंधळू नका. तेथे ढग वगैरे काही नसतात. दूरच्या कोठल्या तरी इमारतीत ओळीने मांडून ठेवलेले मोठमोठे संगणक असतात आणि आपली फाइल इंटरनेटवरून तेथे जाऊन राहते, इतकेच. पेन ड्राइव्ह ही शाळेतून घरी व घरातून शाळेत फाइल नेण्यास सोयीची वस्तू आहे. वर्षानुवर्षे ठेवा जपण्यास मात्र तिच्यावर विसंबू नये; ती बिघडते आणि त्याहून अधिक वेळा हरवते.

घराबाहेरच्या प्रतीचे महत्त्व पुणेकरांना निराळे सांगावयास नको, असे वाटेल; पण सांगावे लागते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यास पूर येऊन दक्षिण पुण्यातील कित्येक घरांत पाणी शिरले. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या एकता नगरीत पाणी आले. अशा वेळी टेबलाखाली ठेवलेला संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली डिस्क, दोन्ही एकदमच भिजतात. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी संगणक जमिनीवर ठेवू नये. तो किंवा मोबाइल भिजलाच, तर चालतो का हे पाहण्यासाठी लगेच सुरू करू नये. आत पाणी असताना वीज खेळली म्हणजे वाचले असते तेही जाते. वीज तोडून, शक्य असल्यास त्याची बॅटरी वेगळी करून, तो जाणकाराकडे न्यावा.

प्रती निरनिराळ्या ठिकाणी असल्या म्हणजे काय होते, याचे एक मोठे उदाहरण आपल्याच शहरात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम हाती घेतले. महाभारताचा मूळ कागद किंवा ताडपत्र काही कोणाजवळ उरलेले नाही. परंतु काश्मीरपासून केरळपर्यंत शेकडो वर्षे लोक त्याच्या प्रती करीत आले. कोणी शारदा लिपीत केली, कोणी बंगालीत, कोणी देवनागरीत, कोणी मल्याळममध्ये. संस्थेने अशी बाराशेंहून अधिक हस्तलिखिते जमवून किंवा तपासून, ओळीला ओळ लावून पाहिली आणि १९६६ साली ते काम पुरे केले. एखाद्या प्रतीस वाळवी लागली असेल, एखादीत लेखकूने ओळ गाळली असेल, पण तीच ओळ हजार मैलांवरच्या दुसऱ्या प्रतीत शाबूत होती. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडवल्या गेल्याची कथा तर तुम्हांला ठाऊकच आहे. त्या तेराव्या दिवशी वर आल्या, असे वारकरी श्रद्धेने सांगतात. अभंग तोवर लोकांच्या मुखी गेलेच होते, असेही म्हणणारे आहेत. मला दोन्ही कथा प्रिय आहेत.

प्रत केली म्हणजे काम संपले असे समजू नये. ती उघडून पाहिली पाहिजे. माझ्या एका स्नेह्यांनी पाच वर्षे दर दिवाळीस एका डिस्कवर प्रती काढल्या. गरज पडली तेव्हा उघडून पाहतात तो फोल्डर सगळे होते, आणि आत काहीच नव्हते. वर्षातून दोनदा, निदान दहा-वीस फाइली सहज निवडून उघडाव्यात. आणखी एक भेद ध्यानात ठेवा. मोबाइल आणि क्लाउड यांच्यात पुष्कळदा असा करार असतो की, एका बाजूस जे होईल तेच दुसऱ्या बाजूसही व्हावे. त्यामुळे मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून तुम्ही एक छायाचित्र पुसता आणि ते तिकडूनही पुसले जाते. काही दिवस ते कचऱ्याच्या टोपलीत मिळते, पुढे तेथूनही जाते. हा आरसा झाला, प्रत नव्हे. आरशासमोरून माणूस बाजूस झाला की आरशातलाही जातो. छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून पाठवली म्हणजे प्रत झाली, असेही पुष्कळजण मानतात. तसे पाठवताना चित्र लहान केले जाते आणि त्याचे बारकावे जातात. पाठवायचेच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, म्हणजे ते जसेच्या तसे पोहोचते.

नावांविषयी दोन शब्द सांगतो, कारण येथे मी स्वतः पुष्कळ गोंधळ घातला आहे. माझ्या संगणकात एकेकाळी "नवीन", "नवीन २", "अंतिम", "अगदी अंतिम" आणि "हेच खरे" अशा नावांच्या पाच फाइली एका खाली एक नांदत होत्या, आणि खरी कोणती ते मलाच कळत नव्हते. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा आणि पुढे विषय लिहावा. महिना व दिवस दोन आकडी लिहावेत. जूनसाठी ६ न लिहिता ०६ लिहावे. असे केले म्हणजे संगणक त्या आपोआप काळाच्या क्रमाने लावतो. छायाचित्राच्या नावात माणसांची नावेही घालावीत. आज ती सर्वांना ठाऊक आहेत. तुमच्या नातवंडांना ठाऊक नसतील.

मराठीत लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजी लिहिणाऱ्यांना फारशी कळत नाही. १९९९ साली मी आमच्या शाळेचा इतिहास लिहून संगणकावर छापून घेतला. फाइल मी नीट जपली, प्रतीही केल्या. काही वर्षांनी नव्या संगणकावर ती उघडली, तो आत एकही मराठी अक्षर नाही. नुसती रोमन अक्षरे, टिंबे आणि तऱ्हेतऱ्हेची चिन्हे. झाले होते असे की, संगणक अक्षरे ओळखत नाही, तो क्रमांक ओळखतो. पूर्वीच्या बऱ्याच मराठी अक्षरसंचांत मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक नव्हते. रोमन अक्षरांचे क्रमांक घ्यावयाचे आणि त्यांवर मराठी अक्षरांची चित्रे चढवावयाची, अशी ती युक्ती होती. तो अक्षरसंच असेल तोवर मराठी दिसे. तो गेला की सोंग उतरून खालचा रोमन चेहरा दिसे.

आता युनिकोड नावाची पद्धत आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक दिलेला असतो. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. पुण्यात पाहा, टोकियोत पाहा, २३२५ म्हणजे 'क'च. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामात, १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा मोठा वाटा आहे. त्या काळापासून चालत आलेली इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी तुम्ही अवश्य शिकावी. तिच्यात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. 'क' आणि 'ख' एकाच कळीवर; 'ग' आणि 'घ' एकाच कळीवर. आपली वर्णमाला ज्या शिस्तीने बसवली आहे, तीच शिस्त येथे बोटांखाली येते. रोमनमध्ये उच्चार लिहून मराठी उमटवण्याची रीत सोपी वाटते खरी. पण तिच्यामुळे 'न' आणि 'ण' यांची, 'ल' आणि 'ळ' यांची गल्लत होते, आणि एका वृद्ध मराठीच्या शिक्षकास ते पाहवत नाही. असो. शाळेचा तो इतिहास मी छापील पुस्तक समोर ठेवून पुन्हा टंकलिखित केला. कागदाची प्रत कामास आली.

पूर, झीज, विसराळूपणा यांपासून प्रती आपला बचाव करतात. चोराचे तसे नाही. मे २०१७ मध्ये सुमारे दीडशे देशांतील संगणकांवर एक मोठा हल्ला झाला. संगणकातील सर्व फाइलींना कुलूप घालायचे आणि उघडून देण्यासाठी खंडणी मागायची, असा तो प्रकार होता. ज्या उणिवेतून तो आत शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, देऊन ठेवली होती. ज्यांनी ती वेळीच बसवून घेतली त्यांचे संगणक त्या वाटेने येणाऱ्या हल्ल्यापासून वाचले. आपला संगणक "अपडेट करू का?" असे विचारतो, तेव्हा आपण "नंतर" असे सांगून टाकतो. तो प्रश्न म्हणजे काय, हे यावरून कळावे. अशा चोरीत संगणकास जोडून ठेवलेल्या डिस्कलाही कुलूप बसते. म्हणून प्रत काढून झाली की डिस्क सोडवून कपाटात ठेवावी.

जुन्या किल्ल्यांवर रात्री पहारेकरी परवलीचा शब्द विचारी. तो सांगता आला तरच दरवाजा उघडे. संगणकाचा पासवर्ड म्हणजे हाच. तो किती मोठा असावा? नुसती आठ लहान रोमन अक्षरे घेतली, तर सुमारे २०,८८२ कोटी निरनिराळे शब्द होतात. आकडा मोठा दिसतो, पण यंत्राने भराभर करून पाहावयाचे म्हटले तर फार मोठा नव्हे. आणखी चारच अक्षरे वाढवली की ही संख्या ४,५६,९७६ पटींनी वाढते. गणिताच्या तासाला २६ चा चौथा घात काढून पाहा. म्हणजे अवघड चिन्हांपेक्षा लांबी अधिक उपयोगी. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून घ्यावेत. पण म्हणी, अभंगाची ओळ, स्वतःचे नाव किंवा जन्मसाल घेऊ नये, कारण ते इतरांनाही सुचते. प्रत्येक ठिकाणी निराळा शब्द असावा. इतके शब्द ध्यानात राहत नाहीत, हे खरे. घरातील वडीलधाऱ्यांनी ते एका वहीत लिहून ती वही कपाटात कुलपात ठेवली, तर काही बिघडत नाही. दूरदेशीच्या चोरास तुमचे कपाट दिसत नाही. पडद्याच्या कडेस चिकटवलेला कागद मात्र येणाराजाणारा प्रत्येकजण वाचतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून घेतला आणि बनावट कार्डे वापरून देशोदेशींच्या एटीएममधून पैसे काढले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने सांगितले. पुढे तपास झाला आणि २०२३ साली न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. बँक लुटण्यासाठी चोरांना एवढा खटाटोप करावा लागला. आपले घर लुटण्यासाठी त्यांना एवढे कष्ट पडत नाहीत. ते दूरध्वनी करतात आणि किल्ली मागतात.

"आपले खाते आज बंद होणार आहे", "आपली वीज रात्री तोडली जाईल", "आपल्या नावाच्या पार्सलमध्ये बंदी असलेली वस्तू सापडली आहे, मी पोलीस अधिकारी बोलतो आहे", अशी काही तरी भीती ते घालतात आणि उसंत देत नाहीत. मग मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतात. ओटीपी ही एकदाच चालणारी किल्ली आहे. ती बँकेनेच पाठवलेली असते, मग बँक ती आपल्याला का विचारील? फसणारा माणूस अडाणी असतो, असे समजू नका. माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक असे फसले. नातवाच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम गेली. आणि लोक हसतील म्हणून त्यांनी दोन दिवस कोणास काही सांगितले नाही. ते दोन दिवस महाग पडले. कारण पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर कळवले, तर ते पुढच्या खात्यात अडवून धरण्याची शक्यता असते. उशीर होईल तसे ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पांगत जातात. हा क्रमांक घरातील दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि आजी-आजोबांपैकी कोणी कानाशी फोन धरून घाबऱ्याघुबऱ्या कागद शोधू लागले, तर त्यांच्या हातातून तो हलकेच घ्या आणि बंद करा. लहानांनी मोठ्यांच्या हातातून वस्तू काढून घेऊ नये, असे मी चाळीस वर्षे वर्गात शिकवत आलो. एवढा एक अपवाद.

आमच्या घरी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रती काढावयाचा रिवाज आहे. माझी नात सातवीत आहे. डिस्क जोडणे तिच्याकडे, नावे तपासणे माझ्याकडे. मागच्या खेपेस ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही ०६ ऐवजी परत ६ लिहिलंत." आत्याच्या घरची ती चौकट उतरवून आम्ही आजीच्या छायाचित्राची संगणकावर प्रत घेतली आहे. फाइलीच्या नावात साल घालावयाचे म्हणून शोध केला, तेव्हा पुठ्ठ्यामागे शाईने लिहिलेले १९३८ सापडले. एक प्रत संगणकात आहे, एक कपाटातल्या डिस्कवर. तिसरी आत्याच्या नातवाकडे वाईस असते. त्यांचे घर कृष्णेच्या घाटापासून दूर, चढावर आहे. दिवाळीत तो आला म्हणजे जुनी डिस्क आणतो आणि नवी घेऊन जातो.

अभ्यास

१. "यातच", या लेखकाच्या उत्तराने दुरुस्ती करणारा माणूस हसला नाही. का बरे?

२. "हा आरसा झाला, प्रत नव्हे." या वाक्यातील भेद तुमच्या शब्दांत समजावून सांगा.

३. १९९९ साली लिहिलेल्या शाळेच्या इतिहासाची फाइल पुढे वाचता का आली नाही?

४. 'लहानांनी मोठ्यांच्या हातातून वस्तू काढून घेऊ नये', या नियमास लेखकाने कोणता अपवाद सांगितला आहे? तो तुम्हांला पटतो का?

५. घरातील एक जुने छायाचित्र घ्या. त्यातील माणसे, गाव व साल वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्या आणि त्याच्या फाइलीस योग्य नाव द्या.